औषध मोफत, पण भाडे कोण देणार?

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर झालेले भाषण)



सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत चाललेल्या कामाची माहिती तुम्हाला या पत्रिकेतून मिळत असते. विहीर झाली की विहिरीचा फोटो येतो, मुले दहावी झाली की मुलांचा. आज मी ज्या दुखण्याबद्दल बोलणार आहे त्याचा फोटो काढता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पाड्यावर मी एक बारेला बाई पाहिली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने बोलणे सोडले होते. चूल पेटवायची आणि समोर बसून राहायची. भाकर करपली तरी हात हलत नसे. नवऱ्याने आधी बडव्याला बोलावले, कोंबडे दिले. मग पिंपळगाव सराईजवळ सैलानीला नेले. मनाचा आजार झालेली माणसे तिथे किती दुरून आणतात, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. त्या नवऱ्याला कृपा करून हसू नका. तिथे कुणी कागद मागत नाही आणि शेजारी आपल्यासारखीच माणसे बसलेली असतात.

नंतर कुणीतरी शहरातल्या खाजगी डॉक्टरांचा पत्ता दिला. सहाशे रुपये फी, महिन्याच्या गोळ्या चौदाशेच्या. दोन शेळ्या विकल्या. गोळ्या लागू पडल्या. दीड महिन्याने तिने बाळाला नावाने हाक मारली. तिसऱ्या महिन्यात पैसे संपले, गोळ्या थांबल्या, आणि ती पुन्हा चुलीसमोर जाऊन बसली.

"त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असेल ना?" असे मला पुष्कळ जण विचारतात. कार्ड आहे. पण महात्मा फुले जन आरोग्य योजना ही दाखल होणाऱ्या रुग्णासाठी. महिन्याला येऊन डॉक्टरांशी बोलून, गोळ्या घेऊन परत जाणारा त्यात बसत नाही. आणि मनाच्या आजारात तर तेच वर्षानुवर्षे करायचे असते. विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. ज्याने पॉलिसीचा कागद कधी पाहिलाच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? मात्र त्याच कायद्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हाती कार्ड नसले तरी, सरकारी ठिकाणी मनाच्या आजारावरचे उपचार मोफत मिळाले पाहिजेत.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. इतकी वर्षे परिचारिका असून मी हे कधी नीट वाचले नव्हते. चार महिने मी तुमच्या दानातून तिच्यासाठी दुकानातून गोळ्या घेतल्या. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्यांचे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांतही येते. (तो दिवस आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर खेप वाया जाते. आमची एक गेली.) औषधाला पैसे पडत नाहीत.

पण मोफत म्हणजे किती, ते आम्ही एकदा वहीत मांडले. पाड्यावरून जीप, मग एसटी, दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी, बाळाचे दूध, आणि परतीची गाडी चुकली तर मुक्काम. हजार रुपयांच्या वर गेले. आपल्या हिशेबात 'औषध' असे सदर आहे, 'प्रवास' असे नाही. म्हणून एका महिन्यात तिला भाडे मिळाले नाही, आणि ती खेप चुकली. दोष कुणा एकाचा नाही. सदर पाडताना ही गोष्ट कुणाच्या मनात आली नव्हती, माझ्याही नाही.

दुसरी अडचण बोलीची. तिला मराठी कळते, पण मनातले ती बारेलीतच सांगू शकते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. तुमच्या घरातही हा क्रमांक लिहून ठेवा. हे दुखणे काही फक्त पाड्यावर येत नाही. पण पाड्यावरून फोन लावायला टेकडी चढावी लागते, आणि पलीकडचा माणूस बारेली बोलत नाही. म्हणून सोबतीला बोली जाणणारी बाई लागतेच.

हे माझ्या मनचे नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. ३० गावांत गावच्याच लोकांना शिकवून ऐकायला, समजावायला लावले. आधी उदास रुग्णांपैकी शंभरात चौघे मदत घेत होते, दीड वर्षात सत्तावीस घेऊ लागले. झिम्बाब्वेत तर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर आज्यांना बसवले आणि त्यांना समुपदेशन शिकवले. आपल्या महिला मंडळात आज्यांची कमी नाही, हे मी पहिल्या बाकाकडे पाहूनच म्हणते आहे!

ती बाई आता बोलते. सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. सोंगणीच्या दिवसांत गोळ्या चुकतात, मग पुन्हा चार दिवस जड जातात. तिची जाऊ आता तिच्याबरोबर येते आणि डॉक्टरांना तिचे बोलणे मराठीत सांगते. त्या दिवसाची मजुरी मात्र जावेचीही बुडते.

मंडळीकडे माझी मागणी लहान आहे. येत्या वर्षाच्या हिशेबात 'प्रवास आणि सोबत' असे सदर पाडावे. आज आमच्या यादीत सात जण आहेत. पुढची खेप येत्या बुधवारी. पहाटे पाचला जीप निघते, आणि माझ्याशेजारची जागा अजून रिकामी आहे.