चार रुपयांचा गोलंदाज



कामगार चळवळीतल्या माणसाने क्रिकेटवर कशाला बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु आज ज्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत ते पालवणकर बाळू आधी कामगार होते, खेळाडू मागाहून झाले.

त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडास चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव पडले ते पालवण गावावरून. म्हणजे मूळ आपल्या कोकणचेच. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे, लाटणे, जाळी बांधणे ही त्यांची कामे. पगार दरमहा चार रुपये. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, तेही त्यातच. तासन् तास चेंडू टाकून डाव्या हाताची फिरकी अशी तयार झाली की ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजानेही तिच्यावरच सराव करावा. मात्र बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. राबणाऱ्याने राबावे, खेळायचे ते मालकाने!

पुढे हिंदू संघाला गोऱ्यांशी लढायला गोलंदाज हवा झाला, तेव्हा बाळूंना घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. मुंबईस आल्यावर त्यांनी रेल्वेत नोकरी केली. १९०६ आणि १९०७ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी ११४ बळी घेतले.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. आपल्याकडे रापणीचा दोर जो ओढतो त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना. येथे दोर ओढला बाळूंनी आणि वाटा गेला दुसरीकडे.

१९२० साली बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपदासाठी त्यांच्या भावांनाही डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून खेळण्यास नकार दिला. आमच्या भाषेत याला संप म्हणतात. लोकमत त्यांच्या बाजूला झुकले. अंतिम सामन्याआधी समेट झाला आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. बाळूंच्या बळींनी टाळ्या मिळवल्या होत्या. कर्णधारपदाचे दार मात्र या नकारानंतर उघडले.

बाळूंचे राजकारण आम्हांला सर्वस्वी पटते असे नाही. १९३७ साली ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि थोडक्या मतांनी हरले. १९५५ साली त्यांचे निधन झाले. मतभेद काही असोत, त्यांच्या कष्टाचा मान उणा होत नाही.

यापुढे मैदानावर सामना पाहाल तेव्हा खेळपट्टी लाटणाऱ्या माणसाकडेही एकदा पाहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.