वरचा एक पदर
(डिंडोली, सुरत येथे शिक्षक, लेखक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



भाषेच्या व्यासपीठावर मी कापडाचा विषय काढतो आहे, याचे नवल निदान सुरतेत कोणाला वाटू नये. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेल्या किती घरांची चूल लूम, प्रोसेसिंग नाहीतर शिलाईवर पेटते, हे तुम्ही जाणता. माझे काम यंत्रांच्या देखभालीचे. आज एकाच क्रियेविषयी बोलणार आहे : कापलेल्या तुकड्यांच्या थप्पीतून वरचा एक पदर उचलणे.

कापणी यंत्राने केव्हाच जिंकली. 1969 साली अमेरिकेत जोसेफ गर्बर यांनी संगणकावर चालणारे कापणीयंत्र आणले. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घालायचा, खालून हवा ओढून थप्पी दाबून घ्यायची. मग सुरी सगळे थर एकदम कापते. शिवणयंत्र तर त्याहूनही जुने. पण या दोन यंत्रांच्या मधे अजून माणसाचा हात आहे. 1982 मध्ये जपान सरकारने कपड्यांची शिलाई स्वयंचलित करण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. तरी आजही जगातले बहुतेक कपडे सुईखाली सरकवतो तो माणूसच.

अडते कुठे? पत्रा किंवा काच उचलणे यंत्राला सोपे जाते. एक टोक धरले की दुसरे कुठे असेल, हे आधीच ठरलेले असते. कापड मात्र लोंबते. त्यातून हवा आरपार जाते, म्हणून हवा ओढणारी रबरी वाटी वर टेकवली तर ओढ खालच्या तुकड्यालाही लागते आणि एकाऐवजी दोन येतात. आपले पॉलिएस्टर आणखी खोडकर. घासले की त्यात स्थिर वीज साठते आणि पदर एकमेकांना बिलगतात. शिवाय उंच थप्पी कापताना सुरी तापली तर कडा वितळून चिकटतात.

यावर काढलेल्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. एका प्रकारात बारीक सुया दोन विरुद्ध दिशांनी तिरप्या आत शिरतात आणि कापड ताणून धरतात. त्या किती खोल जाव्यात, हे कापडाच्या जाडीवरून ठरवावे लागते. दुसऱ्यात खरखरीत चाक वरचा पदर थोडा सरकवते, त्याची वळी पडते आणि ती वळी चिमटीत पकडली जाते. तिसऱ्यात पाण्याचा तुषार उडवून तो क्षणात गोठवतात. कापड बर्फाने चिकटते. चौथ्यात विजेच्या दाबाने कापड पट्टीकडे ओढले जाते. जोनाथन झॉर्नो या अमेरिकन संशोधकाने तर उलटाच मार्ग धरला. त्याने कापडालाच पाण्यात विरघळणारी खळ देऊन पुठ्ठ्यासारखे ताठ केले, रोबोकडून टी-शर्ट शिवून घेतला आणि मग खळ धुऊन टाकली. ज्यांच्या घरी पांजणी झालेली आहे, त्यांना हे ऐकून गंमत वाटेल.

आता भाषेकडे येतो. एका ठिकाणी सुयांच्या यंत्राची जोडणी चालू होती. शेजारच्या टेबलावर धागे काढणाऱ्या बाईंनी कापड बोटांत धरून पाहिले आणि म्हणाल्या, “भाऊ, हे विरविरीत आहे. सुईनं दशा निघतील.” आम्ही तीन तुकडे चालवून पाहिले. तिन्हींवर भोके दिसली.

त्या बाईंचा ‘विरविरीत’ हा शब्द मी तेव्हापासून सोडलेला नाही. विरविरीत म्हणजे सैल विणीचे. तिथे सुई नको. झिरझिरीत म्हणजे हवा आरपार जाणारे. तिथे ओढणारी वाटी नको. सुळसुळीत म्हणजे घसरणारे. तिथे खरखरीत चाक फुकट फिरेल. भरड असेल तर चाक चांगले चालते. यंत्राच्या इंग्रजी पुस्तिकेत यासाठी वजनाचे, जाडीचे, हवा किती जाते त्याचे आकडे असतात. आकडे हवेतच. पण आपल्याकडे माल रोज बदलतो आणि प्रत्येक ताका प्रयोगशाळेत जात नाही. त्या वेळी कोणते यंत्र लावायचे, हे या चार विशेषणांवरून निम्मे ठरते.  त्यांतला फरक बोटांना माहीत आहे, कागदावर नाही.

माझे म्हणणे पारिभाषिक शब्द घडवा असे मुळीच नाही. ग्रिपरला ग्रिपरच म्हणा. ‘वस्त्रग्राहक’ असले काही घडवून कोणाचे भले होणार नाही. मला काळजी आहे ती वेगळी. उचलणारे यंत्र जिथे येईल, तिथे थप्पीजवळची बाई आधी उठवली जाईल आणि यंत्रापाशी इंग्रजी पुस्तिका वाचलेला मुलगा उभा राहील. त्याला पुस्तिका येते, कापड येत नाही. तिला कापड येते, पण “कसं ओळखलं?” असे विचारले तर ती म्हणते, “त्यात काय, हाताला कळतं.” हाताला काय कळते, हे तिच्याच शब्दांत लिहिलेले असेल, तर यंत्राजवळची जागा तिलाही मागता येईल. महापालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना म्हणून विनंती आहे : नववी-दहावीच्या मुलांना आईकडून कापडाचे शब्द लिहून आणायला सांगा. अहिराणीतले असतील तर तसेच लिहा, शुद्ध करू नका. शब्दाखाली कापडाचा एक चिंधीएवढा नमुना चिकटवा. नमुन्याशिवाय त्या यादीचा उपयोग नाही.

क्रियापदेही घ्या. पदर सुटा करणे, वळी पाडणे, उकलणे आणि विशेषतः अंथरणे. उचलण्याइतकेच खाली ठेवणे यंत्राला जड जाते. विजेवर धरलेला तुकडा वीज बंद केली तरी लगेच सुटत नाही. सुटला तर एक कोपरा आधी पडतो आणि चुणी बसते. यंत्र तुकडा टाकते. अंथरणे त्याला अजून नीट साधलेले नाही.