म्हाळाचं पान आणि मेक्सिकोचा झेंडू

भादव्यातली पुनव झाली की आपल्या जत तालुक्यात जिथं तिथं एकच विचारणा सुरू होते, "तुमचा म्हाळ कवा?" कुणाचा पंचमीला, कुणाचा अष्टमीला. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. आपल्याकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत ह्याच अमावास्येला हिरियर हब्ब म्हणतात, म्हणजे थोरल्यांचा सण. बऱ्याच ठिकाणी गेलेल्यांसाठी लुगडं-धोतर मांडून पूजा होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर म्हाळ चुकवून चालत नाही. पुढं दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते आणि घराला कुलूप लागतं ते उन्हाळ्यापर्यंत.

आज आम्ही ह्या म्हाळाबद्दल बोलणार आहोत, आणि त्याच्या जोडीनं एका लांबच्या सणाबद्दल. देश मेक्सिको, अमेरिकेच्या खालच्या अंगाला. तिथं १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांचा सण असतो. स्पॅनिश भाषेत त्याला दिआ दे लोस मुएर्तोस म्हणतात, म्हणजे मेलेल्यांचा दिवस. नाव ऐकून अंगावर काटा येईल, पण सण मोठा आनंदाचा.

त्या दिवशी घरात पायऱ्या-पायऱ्यांचं एक मखर मांडतात. त्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, मीठ, धूप आणि पाण्याचा पेला. पाणी कशासाठी, तर लांबून आलेला जीव तहानलेला असतो म्हणून. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यामागं हेच आहे. आपण जतची माणसं, आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. दारात आलेल्याला आधी तांब्या पुढं करायचा, मग तो जिता असो की गेलेला.

मखरावर त्या माणसाच्या आवडीचं खाणं ठेवतात. एक खास गोडसर पाव भाजतात. मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून उकडलेले तामाले असतात. आणि गुळासारख्या साखरेत शिजवलेला लाल भोपळाही असतो. इकडं आपल्या म्हाळाच्या पानावर खीर, वडे, गवार, कारलं, अळू आणि त्यांच्या शेजारी हीच लाल भोपळ्याची भाजी. गंमत अशी, की लाल भोपळा मुळात तिकडचाच. मका तिकडचा, मिरचीही तिकडची. चारपाचशे वर्षांमागं आपल्या आमटीत लाल तिखट नव्हतंच, मिरं होतं. तेव्हाच्या पितरांना आजचं पान तिखट लागत असेल.

आणि झेंडू. तोही मेक्सिकोचा. त्यांच्या जुन्या नावात 'वीस पाकळ्यांचं फूल' असा अर्थ आहे. पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो आपल्याकडे आला असं मानतात. ते लोक घराच्या दारापासून मखरापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे रंगावर नि वासावर जीव घर शोधत येतो. आपल्याकडे म्हाळाला बहुतेक घरांत पांढरं फूल लागतं. झेंडू दहा दिवसांनी दसऱ्याला, दाराच्या तोरणात. फूल एकच, तिकडं ते मेलेल्यांना वाट दाखवतं आणि इकडं लक्ष्मीला. आपल्याकडे कावळा पानाला शिवेपर्यंत वाट बघायची. तिकडं त्याच दिवसांत हजारो किलोमीटर उडत लाखो केशरी फुलपाखरं मिचोआकान भागातल्या डोंगरांत येतात, आणि लोक म्हणतात, आपली माणसं आली.

हा सण आला कुठून? स्पेनचे लोक १५१९ मध्ये तिथं उतरले, त्याआधी तिथल्या अॅझ्टेक लोकांत मेलेल्यांसाठी वेगळे सण होते, तेही उन्हाळ्यात. मेलेल्यांच्या राज्याची त्यांची एक देवीही होती. मग चर्च आलं. चर्चचे संतांचे आणि मृतांचे दिवस १ आणि २ नोव्हेंबरला होते. लोकांनी तारीख चर्चची घेतली, पण फूल, मका आणि धूप आपलाच ठेवला. मक्याची काढणी उरकते तेव्हाच हा सण येतो. आपल्याकडेही बाजरी हाताशी येते तेव्हाच म्हाळ. घरात नवं धान्य आलं की आधी आठवण होते ती रान राखून गेलेल्यांची. २००८ मध्ये युनेस्कोनं ह्या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय धरला, ती. मेक्सिकोत पहिला दिवस, १ नोव्हेंबर, हा गेलेल्या लेकरांचा. मोठ्यांचा दिवस दुसरा. लेकरांच्या मखरावर खेळणी, दूध, गोडधोड. तिखट काही नाही. आधी लेकरांनी जेवायचं, मग थोरल्यांनी.

आपल्याकडे लहान लेकराला पुरतात. त्याचा म्हाळ नसतो. पान नाही, तिथी नाही, नाव घेणंही नाही. "गेलं ते गेलं, दुसरं होईल," एवढंच आईला ऐकवतात. आमच्या गटात हे बोलणं निघालं तेव्हा एकीनं सांगितलं की तिच्या लेकीला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एकवीस वर्षांत घरात कुणी ते नाव काढलेलं नाही. नाव ठेवलेलं होतं, बारसं झालेलं होतं. मग आणखी दोघी बोलल्या. तासाभराची बैठक, त्या दिवशी हप्त्याचा हिशोबच राहिला.

मोठ्या बायांचं तरी काय? सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी आहे. त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात. पण नवरा आधी गेला असेल तर तिला नवमी नाही. जिनं नवऱ्यामागं वीस-तीस वर्षं रान कसलं, पोरं वाढवली, तिचं पान अमावास्येच्या गर्दीत. जिवंतपणीही नवमीच्या पंगतीला तिला बोलावत नाहीत, स्वयंपाकाला मात्र चालते! शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. ठराव कागदावर झाला. पंगतीत त्या बाईला बोलावणं आपल्या हातात आहे, त्याला ग्रामसभा लागत नाही.

नावांचंच बघा. सासऱ्याच्या आज्याचं नाव काढायचं तर जुन्या सातबाऱ्यावर, फेरफारावर सापडतं. सासूच्या सासूचं नाव कुठं शोधायचं? लग्नात तिचं माहेरचं नाव बदललं, सासरी ती अमक्याची आई झाली, आणि म्हाळात भटजीनं विचारलं तर कुणाच्या तोंडून ते निघत नाही. आता १ मे २०१४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लागतं. चांगलं झालं. पण त्याआधीच्या बायका कुठल्याच कागदावर नाहीत, त्या फक्त आपल्या डोक्यात आहेत.

काहीजणी विचारतील, तुम्ही म्हाळ मोठा करायला सांगता का? नाही. म्हाळासाठी गटातून कर्ज मागायला आलेल्या बाईला आम्ही आजवर नाहीच म्हणत आलोय, पुढंही म्हणू. मेक्सिकोतही गरीब घरं ह्या सणापायी खर्चात पडतात. तिथंही फोटो, पाणी नि एक मेणबत्ती असली तरी मखर होतंच. कुणाच्या घरात म्हाळ पाळत नसतील, कुणी शबे-बारातला कबरीवर जात असेल, कुणी २ नोव्हेंबरलाच चर्चला. आपलं बोलणं सगळ्यांसाठी आहे.

तर यंदा सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, नेहमीच्या जागी गटाची बैठक आहे. येताना एका बाईचं किंवा एका लेकराचं नाव घेऊन या. बाई असेल तर तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि तिच्या हातचं काय चांगलं व्हायचं, एवढं. लेकरू असेल तर नुसतं नाव पुरे. नाव ठेवायचं राहून गेलं असेल तर महिना आणि साल सांगा. गटाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहून ठेवू. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ.