‘धांदरट’ मुली मोठ्या होतात तेव्हा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आठवणींचा कार्यक्रम छान रंगला आहे. माझ्या वाट्याला आलेल्या आठवणी मात्र सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या. हरवलेला कंपास, विसरलेली वही, प्रश्नपत्रिकेचं न उलटलेलं शेवटचं पान. मीही तुमच्याबरोबर पोटभर हसले. पण या सगळ्याला एक नाव आहे, ते मला वयाच्या ४३व्या वर्षी कळलं. इथल्या काही जणींना किंवा त्यांच्या लेकींना ते उपयोगी पडेल, म्हणून मिळालेली दहा मिनिटं त्यासाठीच वापरते.

ते नाव म्हणजे एडीएचडी. मराठीत आपण त्याला अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता म्हणतो. नाव थोडं फसवं आहे, कारण लक्ष असतं भरपूर, पण हवं तेव्हा हवं तिथे नेता येत नाही. आवडीचं काम असलं की चार तास तहानभूक आठवत नाही, आणि विजेचं बिल भरण्याचं दोन मिनिटांचं काम तीन आठवडे पडून राहतं. कामाला हात घालणं, वेळेचा अंदाज बांधणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, भावना आवरणं, ही मेंदूतल्या कारभाऱ्याची कामं. हा कारभारीच जरा अनियमित असतो. हे जन्मापासूनचं असतं आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचं अभ्यास सांगतात. तेव्हा आईचे लाड किंवा संस्कार यांना बोल लावू नये.

मग मुलींमध्ये हे लक्षात का येत नाही? बाकावरून उड्या मारणारा मुलगा सगळ्या वर्गाला दिसतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती दिसतच नाही. मुलींची चंचलता बरेचदा हातापायांपेक्षा डोक्यात आणि जिभेवर असते. आपण तिला ‘बडबडी’ म्हणून मोकळे होतो. हालचालीची चंचलता नसतानाही लक्षाची ही अडचण असू शकते, हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९८० साली आलं. लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट २०१३ साली बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली. अनेक मुली प्राथमिक शाळा हुशारीवर निभावून नेतात आणि विषय वाढले की अडखळतात. त्यांना या बदलाचा फायदा झाला.

शिवाय मुली सावरून घ्यायला लवकर शिकतात. दप्तर तीनतीनदा तपासायचं, रात्र जागून वही पूर्ण करायची, चुकलं की स्वतःच आधी हसायचं. घरी आई वेळापत्रक सांभाळते तोवर हे चालतं. पुढे नोकरी, लग्न, मूल. दूध, डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, शाळेची फी, कोणाकडे कधी काय कार्य आहे, हे सगळं एका बाईच्या डोक्यात राहायचं असतं. नेमकं ज्या कामाला हा मेंदू अडतो, तेच आपल्याकडे ‘बाईचा उरक’ म्हणून मोजलं जातं. पुरुष विसरला तर तो कामात बुडालेला असतो. बाई विसरली तर तिचं संसारात लक्ष नसतं. वर्षानुवर्षं हे ऐकून चिंता आणि नैराश्य येतं. उपचार होतात ते त्यांच्यावर, मूळ तसंच राहतं. पाळीच्या आधीचे दिवस आणि रजोनिवृत्तीचा काळ यांत त्रास वाढल्याचं बऱ्याच जणी सांगतात. आपली बॅच आता त्याच वयात आहे.

निदानासाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो. मनोविकारतज्ज्ञ सविस्तर बोलतात, बालपणाची माहिती घेतात, थायरॉइड, झोप वगैरे दुसरी कारणं तपासतात. माझ्या आईनं ट्रंकेत जपलेली प्रगतिपुस्तकं इथे कामी आली. पाचवीपासून दहावीपर्यंत एकच शेरा होता: ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ डॉक्टरांनी तो वाचून मान डोलावली. इतकी वर्षं जो शेरा मला माझ्या स्वभावाचा दाखला वाटत होता, तो लक्षणांची नोंद निघाला.

औषधं आहेत. मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन यांसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तदाब आणि नाडी तपासत घ्यायची असतात. सगळ्यांना ती लागतातच असं नाही. बाकीचं काम सवयींचं. किल्लीला दाराजवळ एकच खुंटी. दूध गॅसवर असताना ओट्यापासून हलायचं नाही. बिलं बँकेतून आपोआप जातात. कपाट आवरायचं असलं की मैत्रिणीला फोन लावून ठेवते. ती तिचं काम करते, मी माझं. कोणी सोबत असलं की हात चालतो. आणि घरी कामं नव्यानं वाटून घेतली. तारखा लक्षात ठेवणं आता मिस्टरांकडे, माणसं सांभाळणं माझ्याकडे.

एक मात्र सांगते. विसरभोळ्या सगळ्यांनाच हे असतं असं नाही. लहानपणापासून आहे, घरी आणि बाहेर दोन्हीकडे आहे आणि त्यानं जगणं अडतं आहे, असं असेल तरच तज्ज्ञांकडे जा. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

आजही शिकवत असलेल्या आमच्या शिक्षक मैत्रिणींना एक विनंती. प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नसते’ असं लिहिताना पुढे एक ओळ जोडा: कधी नसतं, कशात असतं. ती ओळ एखाद्या मुलीची तीस वर्षं वाचवू शकेल.

जेवणानंतर मी मागच्या कट्ट्यावर बसणार आहे. कोणाला बोलायचं असेल तर जरूर या.