जुन्या माउंटन बाईकचा फोर्क


घरात जुनी माउंटन बाईक आहे?
मग तिचा पुढचा सस्पेन्शन फोर्क पाहू.

आधी पुसा, मग हवा भरा.
चकचकीत नळ्यांवरची धूळ रबरी सीलखाली शिरते,
आणि नळ्यांवर ओरखडे पाडते.
गंज काढायचा स्प्रे मात्र तिथे नको.
तो आतलं ग्रीस धुऊन टाकतो.

आता नळीवर केबल टाय अडकवा.
तो सीलपर्यंत खाली सरकवा.
सायकलवर अलगद बसा…
अलगद उतरा.
टाय फोर्कच्या एकूण चालीच्या पाव भागाइतका सरकला,
तर झकास!
जास्त सरकला, तर हवा वाढवा.
पण शॉक पंपानंच.
फोर्कमध्ये हवेला जागा थोडी;
साध्या पंपानं अंदाज चुकतो.

नव्वदच्या दशकातल्या कित्येक फोर्कांमध्ये मात्र हवेऐवजी
इलास्टोमरचे, म्हणजे रबरासारखे, ठोकळे असत.
ते कालांतरानं कडक होतात,
नाहीतर त्यांचा चिकट लगदा होतो.
तिथे तेल घालून काहीच होत नाही.
ठोकळेच बदलावे लागतात.

फोर्क कुठलाही असो, पुन्हा सांगतो,
प्रत्येक फेरीनंतर
मऊ फडक्यानं नळ्या पुसा.
आणि नळीवरचा मुलामाच उडाला असेल,
तर त्या फोर्कवर पैसे घालू नका.