खाली खुर्ची, आडवी बाटली

(देहूरोड इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं गेलं तसंच छापलं आहे.)



तुम्ही मला विषय दिलात, ‘निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क’. लोकलमधून उतरलो, स्टेशनाबाहेर आलो आणि एकटाच हसलो. च्यायला, देहूरोडात परत बोलवायचं कुणाला? परत बोलवायला आधी कुणीतरी पाठवलेला पाहिजे ना!

हिशेब मांडा. आपण राहतो कँटोन्मेंटात. २००६ च्या कायद्यानं बोर्डावर निम्मे सभासद आपण निवडलेले, निम्मे सरकारच्या बाजूचे, आणि अध्यक्ष लष्कराचा अधिकारी. म्हणजे भरल्या बोर्डातसुद्धा लोकांचं बहुमत नाही. तेही असो. शेवटचं मतदान झालं जानेवारी २०१५ मध्ये. मी रांगेत उभा होतो, बोटाला शाई लावून घेतली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये मुदत संपली. सहा-सहा महिन्यांची दोन ठिगळं लावली. फेब्रुवारी २०२१ पासून अध्यक्ष, मुख्य अधिकारी आणि सरकारनं नेमलेला एक नागरिक, एवढ्यावर कारभार सुरू झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातल्या ५७ बोर्डांच्या निवडणुका जाहीर झाल्या, ३० एप्रिल तारीख पडली, आणि मार्चमध्ये त्या रद्द झाल्या. कारण काय, तर नागरी वस्ती आता शेजारच्या पालिकांत घालायची आहे. २०११ च्या शिरगणतीत या गावात ४९ हजारांच्या आसपास माणूस होता. एवढ्या माणसाचं तोंड म्हणजे एक नेमलेला इसम.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडवर तरी जळावं, तर तिथंही बरीच वर्षं तेच होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं २०२६ पर्यंत प्रशासक होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वाकडला फिनिक्सचा भलामोठा मॉल उघडला, तेव्हा त्या श्रीमंत महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही माणूस बसलेला नव्हता. दुकान उघडलं आणि सभागृहाला कुलूप! या दोन गोष्टी मी आज एकत्र बोलणार आहे.

आधी खुर्चीबद्दल. १९७४ साली बिहारात जयप्रकाशांनी प्रतिनिधी परत बोलावण्याची मागणी उठवली. दिल्लीनं ती कानाआड केली. पण शेजारच्या मध्य प्रदेशात थेट निवडलेल्या नगराध्यक्षासाठी कायदा झाला. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी करायची, मग सगळ्या गावानं मतदान करायचं. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नाही, दोन चित्रं. एक भरलेली खुर्ची, एक खाली खुर्ची. ठेवायचा असेल तर भरलेलीवर, घालवायचा असेल तर खालीवर. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खुर्ची कळते. छत्तीसगडात २००८ साली तीन गावांनी आपले अध्यक्ष असे घरी पाठवले. म्हणजे ही काही हवेतली गोष्ट नाही.

आता दुकानाबद्दल. तुम्ही म्हणाल, मॉलचं आपल्याला काय? उलट बरंच आहे की. मी तुमची अडचण समजतो, कारण ती माझीही आहे. आमच्या गावाकडं किराणा दुकानदार माझ्या आज्याच्या हातात सुटे पैसे देत नसे. फळीवर टाकायचा, आज्यानं वेचायचे. पुडी वरून सोडायचा. त्या दुकानाच्या नावानं मी गळा काढणार नाही. मॉलच्या दारात बॅग तपासतात, जात विचारत नाहीत. आपली पोरं तिथं गार हवेत फिरतात, फोटो काढतात, त्यांना हिणवायचं कारण नाही.

पण माझी आई तीस वर्षं रस्त्याच्या कडेला भाजी विकत बसली. पहाटे माल उचलायचा, दिवसभर ऊन खायचं, संध्याकाळी उरलेली मेथी निम्म्या भावात द्यायची. तिचं गिऱ्हाईक म्हणजे डेपोतल्या कामगारांच्या बायका. पगाराला आठवडा असला की त्या म्हणायच्या, “मावशी, लिहून ठेवा.” आईला लिहिता येत नव्हतं, ती लक्षात ठेवायची. मग भाजी काचेच्या दुकानात गेली, थंड कपाटात बसली, ‘ऑफर’मध्ये आली. आईचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मी तिला म्हटलं, “आई, तुझ्या पोरीला लावू का तिथं कामाला?” ती म्हणाली, “लाव. पण तिथं ती मालकीण होणार का?”

दोस्तांनो, एवढाच प्रश्न आहे. फळीवर पैसे टाकणारा शेठ नको, हे खरं. पण त्याच्या जागी आपल्याला बारा तास उभं करणारी कंपनी कुणाला विचारून आली? सप्टेंबर २०१२ मध्ये दिल्लीनं बड्या विदेशी दुकानांना ५१ टक्के भांडवल घालायची मुभा दिली, दहा लाखांवरच्या शहरांसाठी. होय-नाही म्हणायचा अधिकार दिला राज्य सरकारला. महाराष्ट्र सरकार होय म्हणालं. पालिकेला विचारलं नाही, प्रभागाला विचारलं नाही, टोपलीवालीला तर नाहीच नाही. आणि देशी भांडवलदाराला तर या परवानगीचीही गरज नव्हती. आपल्या हातात काय, तर नगररचनेच्या कायद्यातल्या हरकती आणि सूचना. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, पोच जपून ठेवायची.

असं सगळीकडं असतं का? नाही. आपल्या संघटनेनं ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या काळ्या पँथरांचा जन्म कॅलिफोर्नियातला, १९६६ चा. त्याच राज्यात लॉस एंजेलिसला खेटून इंगलवूड नावाचं शहर आहे. वस्ती काळ्यांची आणि लॅटिनो कष्टकऱ्यांची. तिथं वॉलमार्टला ६० एकरांवर बाजार मांडायचा होता. नगर परिषद आडवी आली. मग कंपनीनं डाव टाकला. सह्या गोळा करून स्वतःच मतदान लावलं. ७१ पानांचा ठराव, त्यात अशी मेख की सुनावणी नको, पर्यावरणाची तपासणी नको, थेट बांधकाम. दहा लाख डॉलरांवर पैसा ओतला. ६ एप्रिल २००४ ला मतदान झालं. चर्चवाले, कामगार संघटना, शेजारीपाजारी दारोदार फिरले होते. दहातल्या सहा मतदारांनी ठराव आपटला. त्यांना नोकऱ्या नको होत्या का? हव्याच होत्या. पण आपल्या गावाचा कायदा कंपनीनं लिहावा, हे त्यांना नको होतं.

तुम्ही म्हणाल, तो अमेरिकेचा मामला. मग महाराष्ट्रात या. २१ सप्टेंबर २००८ ला रायगडात पेण भागातल्या २२ गावांनी रिलायन्सच्या महामुंबई सेझवर मतदान केलं. सरकारनंच ते घेतलं. त्या मताला कायद्याचं बळ नव्हतं, तरी तो सेझ काही उभा राहिला नाही.

आणि त्याहून जवळ या. आडवी बाटली! दारूचं दुकान नको असेल तर प्रभागातल्या २५ टक्के बायकांनी मागणी करायची. मग मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे बरं का, यादीतल्या सगळ्यांच्या निम्मे. इतकी उंच भिंत, आणि तरी या राज्यातल्या बायांनी ती ओलांडून दुकानं बंद केली आहेत. सरकारी परवाना असलेलं दुकान वस्तीच्या मतानं परत जातं, हे महाराष्ट्राच्या कायद्यात बसलेलं आहे. मग जे मत बाटली आडवी करतं, त्याला मॉलचं दार का दाखवत नाहीत? बाटलीवर बोलायची अक्कल बाईला आहे आणि बाजारावर बोलायची नाही?

इथं एक धोक्याची गोष्ट. टाळ्या वाजवायच्या आधी ती ऐका. परत बोलावण्याचं हत्यार उलटतं. राखीव जागेवर आपली बाई सरपंच होते, झेंडा फडकवायला उभी राहते, आणि गावातले बडे सदस्य फोडून तिच्यावर अविश्वास आणतात. हे आपण किती वेळा पाहिलं? थेट निवडलेल्या सरपंचाचा अविश्वास ग्रामसभेत गुप्त मतदानानं पक्का करावा लागतो, हे ठीक. पण ग्रामसभेत बहुमत कुणाचं? २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात जो करार झाला, त्यानं आपल्या राखीव माणसाची निवड सगळ्यांच्या मतावर टांगली. परत बोलावणंही तसंच टांगलं, तर जो आपल्यासाठी भांडेल तोच पहिला खाली येईल आणि जो मुकाट बसेल तो पाच वर्षं टिकेल. पैशाचंही तेच. २००३ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरला लोकांनी परत बोलावलं, पण त्या सह्या गोळा करायला एका श्रीमंत खासदारानं स्वतःची थैली सोडली होती. म्हणून मी डोळे झाकून ‘परत बोलवा’ म्हणत नाही. राखीव जागेवरच्या माणसाला हलवायचं असेल, तर ज्यांच्यासाठी जागा राखीव आहे त्यांचं मत वेगळं मोजा, असं म्हणतो.

मग मागायचं काय? एक, देहूरोडला मत परत द्या. बोर्डात ठेवा नाहीतर पालिकेत घाला, पण मतपेटी आणा. दोन, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात समितीवर किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या हव्यात, आणि तो कायदा कँटोन्मेंटलाही लागू आहे. रस्त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाची नोंद करा, ती निवडणूक घ्या. तीन, मोठ्या दुकानाला परवानगी देण्याआधी प्रभागाचं मतदान. आडवी बाटली आहेच, नवीन काही शोधायला नको.

आणि हे मागायला कुठल्या साहेबाच्या केबिनबाहेर बसू नका. पुढच्या रविवारी बाजारात जा. भाजीवाली, चांभार, वडापाववाला, कपबशा विकणारी, सगळ्यांची नावं वहीत लिहा. किती वर्षं बसतात, कुठं बसतात, पावती मिळते का. वही भरली की पुन्हा इथं जमू. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी याच गावात बुद्धाची मूर्ती बसवली. दरवर्षी त्या दिवशी आपण इथं लाखांनी येतो, डोकं टेकतो, पुस्तकं घेतो आणि गाडी पकडून परत जातो. या वर्षी येताना प्रत्येकानं एक भरलेली वही आणायची.

माझ्या आईचं नाव पहिल्या पानावर मी लिहिलं आहे. ती आता बसत नाही, गुडघे गेले. पण तिची जागा कुणाची, हे अजून ठरलेलं नाही.

जय भीम.