बस आणि रेल्वे एकाच कंपनीकडे : ब्रिटनमधील वाहतूक-स्पर्धेचा अनुभव



मुंबईहून पुण्यास निघालेल्या प्रवाशापुढे मध्य रेल्वेची गाडी असते, राज्य परिवहन महामंडळाची शिवनेरी असते आणि खासगी बसही असते. या वाहनांचे मालक निरनिराळे आहेत. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे आर्थिक महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. बस आणि रेल्वे या दोहोंची सूत्रे एकाच कंपनीच्या हाती गेली तर प्रवाशाच्या निवडस्वातंत्र्याचे काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ब्रिटनमध्ये हे प्रत्यक्ष घडले आणि त्याची नोंद तेथील चौकशी आयोगांच्या अहवालांतून उपलब्ध आहे.

प्रारंभ बसपासून झाला. १९८५ च्या वाहतूक कायद्यान्वये लंडन वगळता ब्रिटनमधील स्थानिक बससेवा ऑक्टोबर १९८६ पासून नियंत्रणमुक्त करण्यात आली. कोणत्याही परवानाधारक कंपनीने नोंदणी करावी आणि हव्या त्या मार्गावर बस चालवावी, असे धोरण होते. सरकारी राष्ट्रीय बस कंपनीचे सुमारे ७० तुकडे करून ते विकण्यात आले. अनेक लहान कंपन्यांत सतत चुरस राहील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात लहान कंपन्या एकामागून एक विकल्या गेल्या आणि स्टेजकोच, फर्स्टग्रुप, अराइव्हा, गो-अहेड व नॅशनल एक्स्प्रेस असे पाच मोठे समूह उरले. २०११ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशी पूर्ण केली, तेव्हा लंडनबाहेरील सुमारे ७० टक्के स्थानिक बससेवा या पाचांकडे होती आणि एकाच रस्त्यावर समोरासमोर स्पर्धा होणे ही अपवादात्मक बाब ठरली होती.

स्पर्धा कशी संपते, याचे डार्लिंग्टन हे गाजलेले उदाहरण होय. १९९४ मध्ये तेथील नगर परिषदेने आपली बस कंपनी विक्रीस काढली. स्टेजकोचच्या उपकंपनीने त्या कंपनीचे चालक अधिक रक्कम देऊन आपल्याकडे वळविले आणि गावात चक्क विनामूल्य बस सुरू केल्या. खरेदीस तयार असलेल्या कंपनीने माघार घेतली आणि नगर परिषदेची सेवा बंद पडली. मक्तेदारी व विलीनीकरण आयोगाने १९९५ च्या अहवालात या वर्तनावर अतिशय कडक शब्दांत ताशेरे ओढले. पण तोवर बंद पडलेली कंपनी परत उभी राहणार नव्हती. भारताच्या स्पर्धा कायदा, २००२ मधील कलम ४ प्रतिस्पर्ध्याला हटविण्यासाठी उत्पादनखर्चाहून कमी किंमत आकारण्यास प्रभुत्वाचा गैरवापर मानते. त्या तरतुदीचा अर्थ समजण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

रेल्वेकडे या कंपन्या वळल्या त्या १९९३ च्या रेल्वे कायद्यानंतर. रूळ एका संस्थेकडे, डबे व इंजिने भाड्याने देणाऱ्या तीन कंपन्यांकडे आणि प्रवासी गाड्या चालविण्याचे २५ मुदतबंद परवाने निविदेद्वारे खासगी कंपन्यांकडे, अशी विभागणी झाली. गाड्या भाड्याने मिळत असल्याने परवानाधारकास फारसे भांडवल गुंतवावे लागत नव्हते. हवे होते ते वेळापत्रक, तिकीटविक्री व चालकांचे वेतन सांभाळण्याचे कौशल्य. ते बस कंपन्यांपाशी होते. साउथ वेस्ट ट्रेन्सचा परवाना स्टेजकोचला मिळाला आणि फेब्रुवारी १९९६ पासून त्या गाड्या धावू लागल्या. पाठोपाठ इतर बस समूहही रेल्वेत उतरले.

येथे अर्थशास्त्रातील एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाजारपेठेच्या आत चालणारी स्पर्धा वेगळी आणि बाजारपेठ मिळविण्यासाठी होणारी स्पर्धा वेगळी. निविदा ही दुसऱ्या प्रकारची होय. ती एका दिवशी संपते आणि त्यानंतर त्या मार्गावर बहुधा एकच रेल्वे कंपनी उरते. मग प्रवाशाला संरक्षण कोणाचे? मुख्यतः बसचे. बस व रेल्वे एकमेकींना पर्याय असल्याने त्यांच्या मागणीची छेदक लवचिकता धन असते.

समजा, भाडे वाढविल्यामुळे बसचे १०० पैकी २० प्रवासी गेले आणि त्यांपैकी १२ जणांनी रेल्वे धरली. रेल्वे दुसऱ्याची असेल तर बस कंपनीला २० प्रवाशांचे उत्पन्न गमवावे लागते. रेल्वेही तिचीच असेल तर ते १२ प्रवासी घरातच राहतात आणि भाडेवाढ फायद्याची ठरू शकते. ब्रिटनमध्ये रेल्वेचे अनेक दर सरकारी नियमांनी बांधलेले होते, बसचे मात्र मोकळे होते. म्हणजेच एकत्र मालकीचा धोका रेल्वेच्या प्रवाशापेक्षा बसच्या प्रवाशाला अधिक होता आणि बसने जाणारा प्रवासी तुलनेने कमी उत्पन्नाचा असतो. या मुद्द्याकडे धोरणचर्चेत पुरेसे लक्ष गेले नाही.

ब्रिटिश कायद्याने मात्र एक दूरदृष्टी दाखविली होती : रेल्वेचा परवाना मिळणे हे विलीनीकरणासारखेच मानून त्याची चौकशी करता येत असे. नॅशनल एक्स्प्रेसला मिडलंड मेन लाइनचा परवाना मिळाला तेव्हा तिच्याच लांब पल्ल्याच्या बस त्या मार्गावर धावत होत्या. आयोगाने १९९६ मध्ये त्याची तपासणी केली. पुढे स्कॉटरेल मिळाल्यावर याच कंपनीला स्कॉटिश सिटीलिंक ही बस कंपनी विकावी लागली. २००४ मध्ये स्कॉटरेलसाठी फर्स्टग्रुप पुढे आला, तेव्हा विक्रीऐवजी बसच्या दरांविषयी व सेवेविषयी वचने घेण्यात आली. विक्रीचा उपाय एकदाच करावा लागतो. वचनांवर वर्षानुवर्षे देखरेख ठेवावी लागते. म्हणून पहिला उपाय अधिक भरवशाचा मानला पाहिजे.

एकत्र मालकीचा प्रवाशाला लाभच नव्हता, असे नाही. रेल्वे आली की स्थानकाबाहेर बस उभी असावी, दोहोंचे तिकीट एक असावे, हे एका कंपनीला सहज जमू शकते. निराळ्या कंपन्यांनी असे संगनमत केले तर तो स्पर्धा कायद्याचा भंग ठरेल अशी भीती होती. म्हणून सामायिक तिकीट योजनांना २००१ मध्ये खास सूट द्यावी लागली. प्रवाशाच्या सोयीची गोष्ट बेकायदा ठरू नये यासाठी सरकारला वेगळा आदेश काढावा लागतो, हे काहीसे विचित्रच.

निविदांची स्पर्धाही टिकली नाही. लंडन ते एडिंबरा या ईस्ट कोस्ट मार्गासाठी नॅशनल एक्स्प्रेसने २००७ मध्ये १.४ अब्ज पौंड देऊ केले आणि २००९ मध्ये गाशा गुंडाळला. सरकारने तो मार्ग स्वतः चालविला. नंतर स्टेजकोच व व्हर्जिन यांनी ३.३ अब्ज पौंडांची बोली लावून मार्च २०१५ मध्ये तो घेतला. जून २०१८ मध्ये तो पुन्हा सरकारकडे आला. जिंकण्यासाठी अवास्तव बोली लावणे आणि जमले नाही की परवाना सोडून देणे, हा निविदा पद्धतीतील जुनाच दोष आहे.

कोविडकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, परवाना पद्धत संपल्याचे जाहीर झाले. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने प्रवासी रेल्वे टप्प्याटप्प्याने सार्वजनिक मालकीत घेण्याचे ठरले. या कायद्याखाली २५ मे २०२५ रोजी प्रथम सरकारकडे आली ती साउथ वेस्टर्न रेल्वे, म्हणजे स्टेजकोचने १९९६ मध्ये घेतलेलेच जाळे. बसच्या बाबतीत ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात मार्ग, दर व वेळापत्रक आपल्या हाती घेतले. कंपन्या आता तेथे कंत्राटावर बस चालवितात. लंडनमध्ये हीच पद्धत आधीपासून आहे.

भारतात रेल्वे हा केंद्र सूचीतील विषय आहे आणि राज्यांची परिवहन महामंडळे १९५० च्या कायद्याखाली चालतात, त्यामुळे दोहोंची मालकी आपोआपच वेगळी राहिली. परंतु २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने १०९ मार्गजोड्यांवर १५१ खासगी गाड्यांसाठी अर्ज मागविले होते. प्रतिसाद अल्प मिळाला, तरी प्रश्न शिल्लक राहतो. स्पर्धा कायद्याचे कलम ५ संपादन, नियंत्रण व विलीनीकरण यांविषयी आहे. निविदेतून मिळालेल्या रेल्वे परवान्याचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. उद्या एखाद्या मोठ्या बस कंपनीने आपल्याच बसमार्गांना समांतर धावणाऱ्या गाडीसाठी बोली लावली, तर त्या मार्गावरील बसचे दर तपासण्याची तरतूद निविदेच्या अटींतच आधी करून ठेवावी लागेल.